८ मार्चचा मग, दंड दाखवणारी बाई आणि रद्दीत गेलेले कागद

सुईदोरा
आमच्या हापिसात दर ८ मार्चला एक गुलाब, केकचा तुकडा आणि काहीतरी छापील वस्तू मिळते. या वर्षी मग मिळाला. मगावर ती बाई, तीच हो, वी कॅन डू इटवाली, डोक्याला लाल कापडावर पांढरे ठिपके असलेला रुमाल, निळा शर्ट, बाही वर सारून दंड दाखवतेय, मागे पिवळाधमक रंग. मग घेऊन जागेवर आले आणि त्याच आठवड्यात कळलं की ज्या मुलाला मी स्वतः काम शिकवलं त्याचा पगार माझ्यापेक्षा जास्त आहे. तर ते असो, तो रडगाण्याचा धागा वेगळा काढेन कधीतरी.

पण त्या रागात मी त्या पोस्टरचं मूळ शोधत बसले आणि रात्रीचे दोन वाजले. मला आपलं वाटायचं की हे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारने बायकांना कारखान्यात बोलवायला काढलं, सगळ्या देशभर भिंतींवर लागलं, बायका पेटून उठल्या वगैरे. कै च्या कै निघालं. ते सरकारचं नव्हतंच, वेस्टिंगहाऊस नावाच्या विजेची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीचं होतं. जे. हॉवर्ड मिलर नावाच्या चित्रकाराने कंपनीच्या अंतर्गत समितीसाठी पोस्टरांची एक मालिका केली, त्यातलं हे एक. खाली बारीक अक्षरात लिहिलंय १५ फेब्रुवारी ते २८ फेब्रुवारी लावा. साल १९४३. म्हंजे दोन आठवडे, तेही कंपनीच्या स्वतःच्या कारखान्यांत, आत आधीच कामाला असलेल्या लोकांसाठी. नंतर उतरवलं, दुसरं लावलं. त्याच मालिकेत एक पाइप ओढणारा गडी हसत सांगतोय की कामाबद्दल काही शंका असेल तर सुपरवायझरला विचारा. झालं, एवढंच. हजेरी नीट ठेवा, संप करू नका, वरच्याचं ऐका, या जातीतलं पोस्टर. पुढे जवळपास चाळीस वर्षं ते कुणाला आठवत नव्हतं, १९८० नंतर वर आलं आणि मग मगावर बसलं.

माझा प्रश्न असा, की त्या युद्धांच्या काळात बायकांना खरोखर बरोबरीचा पगार द्या म्हणणारं काही छापलं गेलं होतं का? हँडबिल, पत्रक, फलक, काहीही. ते कुणी छापलं आणि ते मगावर का नाही?

शंकासुर
नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. कंपनीने काढलं म्हणून काय बिघडलं? आज बायका ते आपलं मानतात ना, मग झालं. तुम्हाला गुलाब पण नको, केक पण नको, मग पण नको. कठीण आहे.

सुईदोरा
केक खाल्ला मी. आणि मूळ शोधू नये हे नेहमी वरच्या अंगाला पाणी गढूळ करणाराच सांगतो.

खिळेमोळे
ताई, छपाईवाला म्हणून दोन शब्द बोलतो. आयुष्य प्रेसमध्ये गेलं, आधी खिळे जुळवले, मग ट्रेडल, मग ऑफसेट, आता मुलगा फ्लेक्स करतो आणि मी काउंटरवर बसून चहा पितो.

कागद हातात घेतला की पैसा कुणाचा ते कळतं. रंगीत पोस्टर म्हंजे आर्टिस्ट आला, जाड कागद आला, आणि जितके रंग तितक्या वेळा कागद मशीनवर चढवायचा, रंग सरकला की माल वाया. हा खर्च सरकार करतं नाहीतर मालक करतो. कामगारांचं हँडबिल म्हंजे काळी शाई, एक बाजू, हाताला लागेल तो हलका कागद, तोही बऱ्याचदा पिवळा नाहीतर गुलाबी कारण तो पडून असतो म्हणून स्वस्तात मिळतो. ८२ च्या संपात मी परळला होतो, रात्री अकराला मजकूर यायचा, पहाटे पाचच्या आत गठ्ठा बांधून द्यायचा कारण सातच्या पाळीला गेटवर वाटायचा असायचा. मुद्रकाचं नाव खाली टाकणं तेव्हा कायद्यानं बंधनकारक होतं, तरी मालक म्हणायचा नाव जरा बारीक टाक रे. आणि सकाळी वाटलेलं हँडबिल संध्याकाळी कोपऱ्यावर शेंगदाण्याची पुडी होऊन आपल्याच हातात यायचं. मी स्वतः माझंच कंपोज केलेलं वाचत शेंगदाणे खाल्लेत, त्यात एक काना पण राहिला होता.

तर तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर, जे जपलं गेलं ते मालकाचं, जे वाटलं गेलं ते रद्दीत.

निळीशाई
काका दंडवत. काना राहिला होता _/\_

बे_एरिया_बंड्या
लेख आवडला. ही रोझी द रिव्हेटरच ना, युद्धात कारखान्यात राबणाऱ्या अमेरिकन बायकांचं प्रतीक? आमच्याकडे कॅलिफोर्नियात रिचमंडला तिच्या नावाचं नॅशनल पार्क आहे, युद्धात कायझर कंपनी जिथे जहाजं बांधायची तिथेच. पाहुणे आले की नेतो.

मात्रावेलांटी
नाही. ही चूक सगळे करतात. रोझी आधी गाण्यात आली, मग चित्रकार नॉर्मन रॉकवेलने सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट या साप्ताहिकाच्या २९ मे १९४३ च्या मुखपृष्ठावर काढली. ती बाई चांगली दणकट, मांडीवर रिव्हेट मारायची गन, हातात सँडविच, जेवणाच्या डब्यावर नाव रोझी आणि पायाखाली हिटलरचं पुस्तक. बसायची ढब मायकेलअँजेलोने रंगवलेल्या यशयाची, म्हणजे बायबलमधल्या संदेष्ट्याची. जिला समोर बसवून काढलं ती टेलिफोन ऑपरेटर होती, एकोणीस वर्षांची बारीकशी मुलगी, तिला एवढं आडदांड रंगवल्याबद्दल रॉकवेलने पुढे माफी पण मागितली. मगावरच्या बाईला रोझी हे नाव नंतर चिकटलं, १९४३ मध्ये तिला नाव नव्हतं.

बे_एरिया_बंड्या
ओके ओके, चूक कबूल. पण मग अजून एक ऐका. मगावरच्या पोस्टरमागचा म्हणून जो फोटो सांगतात तो १९४२ चा, अलामेडाच्या नेव्हल एअर स्टेशनवर लेथवर वाकलेली, ठिपक्यांचा रुमाल बांधलेली मुलगी. कित्येक वर्षं त्या फोटोखाली दुसऱ्याच बाईचं नाव होतं. जिचा फोटो होता त्या नेओमी पार्कर फ्रेली २०११ ला इथे पार्कातल्याच मेळाव्याला आल्या आणि भिंतीवर स्वतःचा फोटो आणि खाली परकं नाव! सांगितलं तरी कोण ऐकतंय. शेवटी जेम्स किंबल नावाच्या प्राध्यापकाने मूळ फोटोमागे चिकटवलेली छापील चिठ्ठी शोधून काढली, त्यावर नाव, तारीख, जागा सगळं. एक चिठ्ठी हो. २०१८ ला गेल्या त्या, ९६ वर्षांच्या होत्या. (पोस्टर त्या फोटोवरूनच काढलं याचा मात्र पक्का पुरावा नाही.)

त्याच पार्कात बेटी रीड सॉस्किन नावाच्या रेंजर होत्या, शंभरी गाठून मग रिटायर झाल्या. त्या सांगायच्या की मी काही रोझी नव्हते, मी काळी बाई, काळ्यांसाठी वेगळ्या काढलेल्या युनियन हॉलमध्ये कार्ड फाइल करायचे, जहाज बघितलं पण नाही. पार्क रोझीचं आणि ठळक गोष्ट सांगणारी म्हणते ती मी नव्हे. आमचे पाहुणे तिथे जरा गप्प होतात.

टेम्सकाठची_ताई
सुईदोरा, तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर हो. फक्त अमेरिकेच्या आधी इंग्लंडात ये आणि आधीच्या महायुद्धात ये.

ऑगस्ट १९१८. लंडनच्या बस आणि ट्रामवर तेव्हा पुरुष आघाडीवर गेल्यामुळे बायका कंडक्टर. पुरुषांना आठवड्याला ५ शिलिंगांचा युद्धबोनस जाहीर झाला, बायकांना नाही. विल्सडेनच्या डेपोतल्या बायकांनी एका सकाळी गाड्या बाहेर काढायला नकार दिला, बाकीचे डेपो जोडले गेले, बाथ, ब्रिस्टल, हेस्टिंग्जपर्यंत गेलं, भुयारी रेल्वेतल्या बायका पण संपात उतरल्या. मागणी एका ओळीत मावणारी, काम तेच तर पैसे तेच. आणि बोनस मिळाला. लक्षात घे, युद्ध अजून चालू आहे, मतदानाचा हक्क तीस वर्षांवरच्या काही बायकांना नुकताच त्या फेब्रुवारीत मिळालाय, आणि या पोरींनी लंडन थांबवलं.

त्याच काळातली सरकारी पोस्टरं बघशील तर एकदम देखणी. दारूगोळ्याच्या कारखान्यात जाणारी बाई डोक्यावर टोपी चढवतेय, मागे दारातून सैनिक हात हलवतोय. टीएनटी या स्फोटकाने त्या बायकांची कातडी पिवळी पडायची म्हणून त्यांना कॅनरी म्हणायचे, ते पोस्टरात कसं दिसेल. लीड्सजवळ बार्नबोच्या कारखान्यात ५ डिसेंबर १९१६ च्या रात्री स्फोट झाला, ३५ बायका गेल्या, युद्ध चालू म्हणून बातमी दाबली.

शंकासुर
टोचतोय म्हणून राग मानू नका, पण समान पगार तर तेव्हाच्या पुरुष युनियनवाल्यांनीच मागितला होता असं वाचलंय. मग बायकांवर अन्याय पुरुषांनी केला हे सरसकट कसं?

टेम्सकाठची_ताई
शंकासुर, बरोबर वाचलंत, फक्त कारण पण वाचा. पुरुषांच्या युनियनला भीती होती की बाई स्वस्तात तेच काम करायला लागली तर युद्धानंतर मालक पुरुषाला परत कशाला घेईल. म्हणून बाईला पूर्ण दर द्या, म्हणजे ती महाग पडेल आणि युद्ध संपलं की जाईल. बरोबरी मागितली ती तिला टिकवायला नाही, घालवायला. आणि गेली पण, १९१९ ला युद्धापूर्वीची पद्धत परत आणायचा कायदाच झाला.

आणि सरकारची मेख तर अजून भारी. १९१५ मध्ये बायकांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या सिल्व्हिया पँकहर्स्टने मंत्री लॉइड जॉर्जला पत्र लिहून विचारलं की समान वेतन म्हणजे नक्की काय देणार, तर उत्तर आलं की नगावर दर असेल तिथे पुरुषाइतका दर देऊ. तासावर असेल तिथे? तिथे चिडीचूप.

निळीशाई
नगावर आणि तासावर यात एवढा काय फरक? मी मास्तर आहे, आम्हाला महिन्यावर मिळतं. जरा उलगडून सांगा ना कुणीतरी.

खिळेमोळे
मी सांगतो. आमच्या धंद्यात पण हेच. नगावर म्हंजे हजार फॉर्म छापले तर इतके रुपये, बाई छापो बाप्या छापो. पण तासावर म्हंजे कामाला नाव लागतं, मशीनमन, हेल्पर, बाईंडर. आता बघा, बाप्या एकटा मशीन लावायचा, चालवायचा, बिघडलं तर खोलायचा. मालकानं काय करायचं, त्या कामाचे तीन तुकडे करायचे. मशीन लावायला एक बाप्या सगळ्यांना मिळून, आणि चालवायला चार बायका. की झालं, तेच काम राहिलंच नाही! तुम्ही म्हणाल समान काम, तो म्हणणार कुठं आहे समान, तुम्ही तर नुसतं चालवताय. बायंडिंगला बायका बसवायच्या आणि त्यांच्या कामाला कधी कारागिरी म्हणायचं नाही, घडी मारणं म्हणायचं. माझ्या बायकोनं बावीस वर्षं घडी मारली, सोळा पानी फॉर्म हाडाच्या पट्टीनं, एक मिलिमीटर इकडे नाही तिकडे नाही. हेल्पर म्हणूनच सुटली.

सुईदोरा
काका, हे वाचून मी परत शोधायला बसले कारण हे तंतोतंत वेस्टिंगहाऊसचंच निघालं. ऐका सगळे.

त्या कंपनीचं १९३९ चं एक छापील मॅन्युअल होतं, पगाराच्या श्रेणी कशा ठरवायच्या त्याचं. कामाला पॉइंट्स द्यायचे, पॉइंट्सवर श्रेणी, इथपर्यंत ठीक. मग सरळ लिहिलंय की बायकांच्या कामांची पगाररेषा पुरुषांच्या रेषेखाली असेल. म्हंजे पॉइंट्स सारखे असले तरी. कारणं दिलीत, बायका फार दिवस टिकत नाहीत, जादा तास करता येत नाहीत, जड उचलायला माणूस द्यावा लागतो, आणि शेवटी काय, तर "सर्वसाधारण समाजशास्त्रीय कारणं, ज्यांची इथे चर्चा करायची गरज नाही." अरे!! चर्चेची गरज नाही म्हणे. हे वाक्य १९८० मध्ये तिथल्या एका वरिष्ठ कोर्टाच्या निकालात जसंच्या तसं आलं म्हणून आपल्याला कळतंय, कारण तोपर्यंत बायका त्याच रेषेसाठी भांडत होत्या.

म्हणजे ज्या कंपनीच्या भिंतीवर दंडवाली बाई, त्याच कंपनीच्या कपाटात हे पुस्तक. चार वर्षांच्या अंतराने.

आता कामगारांचा कागद. वेस्टिंगहाऊस आणि जनरल इलेक्ट्रिकच्या कामगारांची युनियन होती यूई. नोव्हेंबर १९४२ मध्ये तिथल्या वॉर लेबर बोर्डाने, म्हणजे युद्धकाळात पगारवाढीला ज्याची परवानगी लागायची त्या सरकारी मंडळाने, हुकूम काढला की समान कामाला समान दर द्यायचा तर मालकाने आमची परवानगी न घेता खुशाल द्यावा. खुशाल द्यावा, द्यायलाच हवा नव्हे, हे लक्षात ठेवा. मग यूईने दोन्ही कंपन्यांवर केस टाकली आणि १९४५ च्या शेवटी बोर्डाने मान्य केलं की होय, बायकांचे दर कामाच्या मानाने कमी ठेवलेत. तोवर युद्ध संपलेलं, बोर्ड गुंडाळत आलेलं, निकाल कागदावरच राहिला.

आणि मग १९५२ ला त्याच युनियनने एक पुस्तिका काढली, यूई फाइट्स फॉर विमेन वर्कर्स. लेखकाचं नाव नाही. लिहिली होती बेटी फ्रीडनने, तेव्हा ती त्या युनियनच्या पेपरात बातमीदार, पुढे द फेमिनिन मिस्टीक या पुस्तकामुळे जगाला माहीत झाली ती तीच. सुरुवातीलाच अशा अर्थाचं आहे की जाहिरातीत बघा या कंपन्या बाईला चकचकीत स्वयंपाकघरात राणीसारखं उभं करतात, तिच्यासाठी काही कमी नाही, फक्त ती त्यांच्याकडे कामाला नसली पाहिजे. काळ्या बायकांचं तर याहून वाईट चाललंय हेही त्यात वेगळं मांडलंय, १९५२ साली. मला हे वाचून त्या मगात चहा गोड लागेना.

बे_एरिया_बंड्या
फलकांचं पण सांगतो. युद्ध संपल्यावर डेट्रॉइटजवळ हायलंड पार्कला फोर्डच्या कारखान्यातून बायकांना काढलं आणि नवे लोक भरती करायला लागले. बायका गेटवर हातात पुठ्ठे घेऊन उभ्या. एकावर लिहिलं होतं, पाळणा हलवणारा हात ट्रॅक्टरही बनवू शकतो.

निळीशाई
पाळण्याची दोरीवाली ओळ आपल्याकडे अजून ८ मार्चच्या भाषणात असते, पाहुण्यांना दुसरं सुचत नाही. पण ती अशी उलटवून मालकाच्याच अंगावर टाकलेली पहिल्यांदाच बघतेय. वाचनखूण साठवली.

शंकासुर
हे मात्र आवडलं. मॅन्युअलवालं तर फारच. माझं आधीचं मागे घेतो, पूर्ण नाही, अर्धं.

टेम्सकाठची_ताई
अर्धं पण चालेल :) दुसऱ्या महायुद्धातलं इथलं एक राहिलं. बॉम्बहल्ल्यात जखमी झालेल्या नागरिकांना भरपाई द्यायची सरकारी योजना होती, त्यात बाईला पुरुषापेक्षा आठवड्याला ७ शिलिंग कमी. म्हंजे बॉम्ब एकच, पाय एकसारखाच तुटलेला, भाव वेगळा. यावर बायकांच्या संघटनांनी पत्रकं, सभा, सह्या सगळं केलं, पार्लमेंटमध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह मेव्हिस टेट आणि लेबरच्या एडिथ समरस्किल दोघी एका बाजूला, आणि १९४३ ला सरकार वाकलं. पुढच्या मार्चमध्ये शिक्षिकांना समान पगाराची दुरुस्ती ११७ विरुद्ध ११६ अशी एका मताने पास झाली तर चर्चिल एवढे तापले की विश्वासदर्शक ठराव करून दोनच दिवसांत ती फिरवून घेतली. एका मताची किंमत बघा.

वर्धाकाठ
धागा कालपासून वाचून राहिलो, आता राहवत नाही म्हणून लिहितो. राजेहो, लंडन न् डेट्रॉइट झालं, आपल्या इकडचं कोणी बोलत नाही.

आम्ही चंद्रपूरकडचे, घरात तीन पिढ्या कोळसा. बायकांना खाणीत जमिनीखाली काम करायला १९३७ पासून बंदी होती. युद्धात कोळसा कमी पडला, मजूर लष्कराच्या बांधकामावर पळाले कारण तिथं मजुरी जास्त, आणि खाणीवर माणूस जोडप्यानंच यायचा, नवरा कोळसा तोडणार न् बायको टोपलीनं भरून वाहणार. बायकोला खाली बंदी म्हणून तोही येईना. तर ऑगस्ट १९४३ मध्ये सरकारनं बंदी उठवली, सुरुवात आमच्याच मध्यप्रांतातून. तिकडे इंग्लंडच्या पार्लमेंटात आरडाओरडा, इकडे अखिल भारतीय महिला परिषदेचा विरोध, की बायकांना परत अंधारात लोटलं. आणि तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं कोणाकडं होतं? बाबासाहेबांकडं. फेब्रुवारी १९४४ ला दिल्लीच्या असेंब्लीत त्यांना याच निर्णयाचं उत्तर द्यावं लागलं. नाइलाज आहे, कायमचं नाही, हे तर ते बोललेच. पण त्यात एक असंही बोलले की या कामात बाईला पुरुषाइतकीच मजुरी ठेवली आहे, आणि स्त्री-पुरुष भेद न करता समान कामाला समान वेतन हे तत्त्व कोणत्याही उद्योगात पहिल्यांदाच मान्य झालं असं मला वाटते. बंदी परत लागली फेब्रुवारी १९४६ ला.

आता तुमच्या कागदाचं. माझी आजी त्या दोन-अडीच वर्षांत खाली गेली होती. तिला विचारलं तर समान वेतन वगैरे तिला ठाऊक नव्हतं, तिला आठवायचं ते स्वस्त धान्य न् डोक्यावरची टोपली. पगाराच्या रजिस्टरवर अंगठा. हँडबिल कोणी वाटलं असतं तरी वाचणार कोण, आख्ख्या धौड्यात, म्हणजे खाणमजुरांच्या चाळीत, एक मुकादम वाचणारा. म्हणून बरोबरीचा कागद होता तो दिल्लीला असेंब्लीच्या छापील अहवालात, आणि जिच्यासाठी होता ती पाचशे फूट खाली. इंग्रजीत.

मात्रावेलांटी
वर्धाकाठ, हे स्वतंत्र धाग्याचं मटेरियल आहे, प्लीज लिहा. आपल्याकडे समान वेतनाचा कायदा आला १९७६ ला, म्हणजे मधे किती वर्षं गेली मोजा.

सुईदोरा
वर्धाकाठ दादा, आजींचं वाचून काही सुचेना थोडा वेळ.

अपडेट देते आणि मग मी झोपते. मॅन्युअलमधलं ते चर्चेची गरज नाहीवालं वाक्य मी मराठीत मोठ्या टाइपात प्रिंट काढून पँट्रीतल्या बोर्डावर लावलं, खाली साल १९३९ आणि कंपनीचं नाव, बाकी काही नाही. सव्वानऊला लावलं. जेवायला गेले तेव्हा काढलेलं होतं. टाचण्या चारही तशाच ठेवल्यात, नीट ओळीत.

खिळेमोळे
किती कॉपी मारल्या होत्या ताई?

सुईदोरा
एकच, काका.

खिळेमोळे
अहो एक कुणी मारतं का. पन्नास तरी काढायच्या. मजकूर पाठवा, पिवळा कागद पडूनच आहे माझ्याकडे.